मदत हवी आहे: बीपीडीसीएन ल्युकेमियाची मूळ पेशी कोणती, हे रिपोर्टवरून कसं ठरतं?

नमस्कार मंडळी,

मामाच्या पाठीवर मार न लागता जांभळट चट्टे उठले, पाठोपाठ प्लेटलेट घसरले. त्वचेची बायोप्सी आणि बोन मॅरो झाल्यावर निदान आलं: ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेल निओप्लाझम (बीपीडीसीएन), म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. डॉक्टर समजावून सांगतात, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काही सुचतच नाही.

रिपोर्टात सीडी४, सीडी५६, सीडी१२३ हे मार्कर (पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह. सीडी३, सीडी१९ आणि एमपीओ (मायलॉइड पेशींतलं एन्झाइम) निगेटिव्ह. सीडी४ टी पेशींवर असतो आणि सीडी५६ एनके (नॅचरल किलर) पेशींवर, एवढं वाचून कळलं. मग हा आजार या दोन्हींपैकी एकाचाही कसा नाही? जुन्या लेखांत तर यालाच ‘ब्लास्टिक एनके-सेल लिम्फोमा’ म्हटलंय. स्लाइड दुसरीकडे दाखवाव्यात का? उपचार याच नावावर ठरणार, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. एकट्या मार्करवरून पेशीची जात ठरत नाही. सीडी३ नाही म्हणून टी पेशी बाद, सीडी१९ नाही म्हणून बी पेशी बाद. सीडी५६ मुळेच पूर्वी एनके समजत. २००१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तेच नाव होतं. पुढे कळलं की या पेशी प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींच्या कुळातल्या, म्हणजे विषाणू आला की भराभर इंटरफेरॉन सोडणाऱ्या. सध्याचं नाव २००८ मध्ये आलं.

खरी अडचण वेगळीच आहे. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वळणाच्या एएमएलमध्येही (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) सीडी४, सीडी५६, सीडी१२३ तिन्ही दिसू शकतात आणि एमपीओ निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून टीसीएफ४, टीसीएल१, सीडी३०३ हे प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींचे मार्कर बघतात, शिवाय सीडी१४ आणि लायसोझाइम हे मोनोसाइटचे मार्कर नाहीत ना, तेही.

दुसरं मत जरूर घ्या. मात्र नुसत्या स्लाइड नेऊ नका, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक मागा. नवे मार्कर लावायचे तर त्यातूनच काप घ्यावे लागतात. हा आजार मेंदूभोवतीच्या द्रवातही उतरतो, तेव्हा पाठीतलं पाणी तपासणार का, हेही विचारा. सीडी१२३ ला लक्ष्य करणारं टॅग्राक्सोफस्प २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय. मामांना ते झेपेल का, हे त्यांचे डॉक्टरच सांगतील.

रिपोर्टात टीसीएफ४ आहे का?

धागाकर्ती

खूप आभार! टीसीएल१ पॉझिटिव्ह लिहिलाय. टीसीएफ४ आणि सीडी३०३ कुठेच दिसत नाहीत. ब्लॉकसाठी उद्याच अर्ज देते. तो मिळाल्यावर किती दिवसांत दुसरीकडे पोचायला हवा? उपचार तोवर थांबवावे लागतात का?