मदत हवी आहे: फिश या अमेरिकन रॉक बँडच्या २५ जुलै २०१७ च्या कॉन्सर्टचं प्रेक्षकांतून केलेलं रेकॉर्डिंग

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फिशने तेव्हा १३ कार्यक्रम केले, एकही गाणं पुन्हा न वाजवता. त्यातल्या या एकाच रात्री मी होतो. 'लॉन बॉय' हे एरवी काही मिनिटांचं गाणं, ते जवळजवळ अर्धा तास फुलत गेलं. ख्यालात बढत होते ना, अगदी तसं! शेजारचा अनोळखी माणूस आणि मी, दोघांचेही डोळे भरून आले होते.

अधिकृत रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, पण त्यात गर्दी फार लांब वाटते. मला तो जल्लोष जवळून ऐकायचाय. हा बँड प्रेक्षकांना ध्वनिमुद्रण करू देतो, म्हणून आशा आहे. कोणाकडे आहे का? किंवा कुठे शोधू?