साइट खरी की फसवी कसं ओळखायचं? विड्रॉल अडकलाय, लवकर सांगा

रावेर_१७: भावांनो अर्जंट आहे. एका गेमिंग साइटवर माझे ६४ हजार दिसताहेत, विड्रॉल टाकला की पेंडिंग येतं, चार दिवस झाले. सपोर्टवाला म्हणतो आधी टॅक्स भरा मग लगेच सुटतील. साइटवर खाली लायसनचा शिक्का आहे आणि मागे दोनदा पैसे मिळालेपण आहेत, मग खरीच असेल ना? माहिती असेल त्यानेच सांगा, उपदेश नको. संध्याकाळपर्यंत भरायचेत.

भुसावळकर: टाकले किती होते? टॅक्स किती मागितला, कुठे भरायचा? काहीच लिहिलं नाही तर सांगायचं काय.

रावेर_१७: १९,२०० मागताहेत, ३० टक्के. व्हॉट्सअॅपवर क्यूआर पाठवलाय.

धुळे_हिशोब: थांबा, भरू नका. ३० टक्के हा आकडा खरा आहे म्हणूनच माणूस फसतो. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर आहे, पण तो पैसे देणाराच कापतो आणि उरलेले तुमच्या हातात देतो. तुमच्याकडून वरून भरून घेत नाही. शिवाय यांनी पूर्ण ६४ हजारांवर लावलाय, त्यात तुम्ही टाकलेले पैसेपण आलेच की.

चोपडा_नेटवाला: मी लायसन आधी बघतो. शिक्क्यावर क्लिक करू नका, तो नुसता फोटो असतो. कुरासाओ या परदेशी बेटाच्या लायसनचा नंबर लिहिलेला असतो तो त्यांच्या सरकारी साइटवर स्वतः टाकून बघा, आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी घेतलंय तेपण बघा, दोन-तीन महिन्यांचं असेल तर समजून जा.

अमळनेर_आबा: आरे भो, लायसन कुठलं धरून बसला? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदाच केला, पैसे लावून खेळायची ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. कुरासाओचा कागद खरा निघाला तरी इथे काय कामाचा?

चोपडा_नेटवाला: आबा तुमचं बरोबर, पण त्याने साइट कशी ओळखायची हेच विचारलंय ना.

अमळनेर_आबा: त्याने विचारलं ते चुकीचं आहे म्हणून सांगतोय.

यावल_शेती: रावेरचेच आहात तर केळीला आज काय भाव निघाला? आमच्याकडे व्यापारी फोन उचलत नाहीये.

रावेर_१७: भाव राहू द्या दादा. केळी विकून आलेल्या पट्टीचेच ३८ हजार टाकलेत मी, म्हणून जीव वरखाली होतोय. पण दोनदा मिळाले ते कसे मग?

भुसावळकर: किती मिळाले होते?

रावेर_१७: ८०० आणि २,१००.

भुसावळकर: तेवढे दिले म्हणूनच तुम्ही ३८ हजार टाकले. आणि ते आले कोणत्या खात्यातून ते स्टेटमेंटमध्ये बघा. माझ्या मित्राला असेच पाच हजार आले, ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून काढलेले होते, त्याने तक्रार केली आणि याचं खातं होल्डला गेलं. पगार अडकला दोन महिने.

शिरपूर_ताई: क्यूआर स्कॅन करून नुसतं नाव बघा, पिन टाकू नका.

रावेर_१७: बघितलं. कुठल्यातरी साडी सेंटरचं नाव येतंय. पहिले पैसे टाकले तेव्हा किराणा दुकानाचं होतं.

धुळे_हिशोब: मग आता आणखी काय बघायचं. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितक्या लवकर तितकं बरं, पैसे पुढे सरकले नसतील तर खात्यात अडवता येतात. चॅट डिलीट करू नका, यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा नंबर, काढून ठेवा. ते अॅप प्ले स्टोअरबाहेरून एपीके फाइल टाकून घेतलं असेल तर काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

रावेर_१७: मलाच पकडतील का?

अमळनेर_आबा: त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बिनधास्त लाव फोन.

शिरपूर_ताई: आणि खेळल्याशिवाय राहवत नसेल तर १४४१६ वर बोला, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे. हा उपदेश नाही, माझा भाऊ बोललाय तिथे.

रावेर_१७: १९३० लागला, तक्रार नंबर मिळाला. सपोर्टवाला आता १० हजार भरा म्हणतोय, उत्तर नाही दिलं. पट्टी वडिलांच्या नावावर होती, त्यांना आज जेवताना सांगतो.