सल्ला हवाय: ज्येष्ठ अभिनेत्रींच्या कॉमेडीचे रिव्ह्यू मनावर घ्यायचे का?

खिडकीतली_सीट: रविवारी दुपारी आई आणि तिच्या तीन मैत्रिणींना पिक्चर लावून द्यायचाय. अट एकच, पावणेदोन तासांत संपला पाहिजे, नंतर त्यांना बाहेर जायचंय. '80 फॉर ब्रेडी' (2023) आणि 'बुक क्लब' (2018) काढून ठेवलेत. दोन्हींच्या रिव्ह्यूचा सूर एकच, बायका ग्रेट, स्क्रिप्ट पातळ. कुणी पाहिलेत का?

गल्लीतला_समीक्षक: 'ब्रेडी' नको. जेन फोंडाकडे 2 ऑस्कर, सॅली फील्डकडे 2, रीटा मोरेनोकडे 1, आणि एवढा ऐवज हाताशी असताना सॅली फील्डला तिखट चिकन विंग्ज खायच्या स्पर्धेत बसवलंय. शिवाय अमेरिकन फुटबॉलचा स्टार टॉम ब्रेडी स्वतःच निर्माता, म्हणजे आरती कुणाची ते कळलंच.

रिमोट_माझाच: अहो तोच तर सीन भारी आहे!! ती निवांत खात बसते आणि बाजूचे गडी घामाघूम. आणि "मी 80ची नाही, 75ची आहे" हे तिचं पालुपद, आमच्या सासूबाई अजून म्हणतात.

मराठी_बघा_आधी: इंग्रजी कशाला पण? 'झिम्मा' लावा, सुहास जोशी आणि निर्मिती सावंत बास आहेत.

पोपटपंची: 'झिम्मा'पेक्षा 'बाईपण भारी देवा'. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सहा बहिणी, मंगळागौर, आम्ही थेटरात दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा तर तिकीट मिळेना.

मराठी_बघा_आधी: 'झिम्मा' 2021चा आहे, 'बाईपण' 2023चा. वाट कुणी पाडली ते बघा.

खिडकीतली_सीट: दोन्ही दोन तासांच्या वर जातात हो. आणि दोन्ही चौघींचे पाहून झालेत.

बिंज_बहाद्दर: मग 'ग्रेस अँड फ्रँकी' लावा. फोंडा आणि लिली टॉमलिन, 7 सीझन. आम्ही सुट्टीत सगळं संपवलं.

खिडकीतली_सीट: पावणेदोन तास म्हटलं मी 🙏

टक्केवारी: रॉटन टोमॅटोज (रिव्ह्यू गोळा करणारी साइट)चा आकडा म्हणजे मार्क नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांना पिक्चर एकंदरीत बरा वाटला, एवढंच त्यात कळतं. सगळे म्हणाले "ठीक आहे, टाइमपास" तरी आकडा वर जातो, निम्म्यांना जाम आवडला आणि निम्म्यांनी नाक मुरडलं तर पन्नासच दिसतात. असल्या पिक्चरला प्रेक्षकांचा आकडा शेजारी ठेवून बघायचा, 'ब्रेडी'त दोन्हींत चांगलीच तफावत आहे. बाकी 'ब्रेडी' 98 मिनिटं, 'बुक क्लब' 104, दोन्ही बसतात. सबटायटलचा साइज सेटिंगमधून आधीच वाढवून ठेवा.

गल्लीतला_समीक्षक: प्रेक्षकांच्या आकड्यावर जायचं तर समीक्षा बंदच करा.

रिमोट_माझाच: अमेरिकन फुटबॉल कळलं नाही तरी अडत नाही. 'ब्रेडी'तली 2017ची मॅच खरीच झालेली, ब्रेडीची टीम 28-3 अशी मागे आणि शेवटी 34-28 ने जिंकते, खऱ्या मॅचचं फुटेज आहे. क्रिकेट बघणारीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

नको_तिथे_हजर: 'बुक क्लब'बद्दल एक सांगते. चौघी जे पुस्तक वाचतात ते 'फिफ्टी शेड्स', ती चावट कादंबरी. एकजण नवऱ्याच्या बिअरमध्ये व्हायग्रा टाकते, पुढचं समजून घ्या. आईच्या मैत्रिणी खिदळतील, पण तू त्या खोलीत बसू नकोस, मी बसले होते, सगळा वेळ मोबाईलमध्ये तोंड घालून. कँडिस बर्गन मात्र धमाल, जज असून ऑनलाइन डेटिंग शिकते. दुसरा भाग मुळीच नको, चौघी इटलीला जातात आणि गोष्ट घरीच राहते.

टक्केवारी: +1, दुसऱ्या भागाला समीक्षकांनीही पहिल्यापेक्षा कमीच दिलंय.

पोपटपंची: दुसरा भाग नको, मीही तेच म्हणणार होते.

खिडकीतली_सीट: सगळ्यांचे आभार. आईला काल तिन्ही ट्रेलर दाखवले. 'ब्रेडी'ला म्हणाली मॅच नको, पहिल्या 'बुक क्लब'ला नुसतीच हसली, आणि दुसऱ्या भागात व्हेनिस दिसल्यावर मैत्रिणींना फोन करून मोकळी. तोच ठरलाय. पावणेदोन तासांच्या जरा वर जातोय, शेवटची नावं बंद करेन.

गल्लीतला_समीक्षक: धागा काढलाच कशाला मग?