शेतावरच्या बाईला ‘हवा लागली’ म्हणतात, पण मला वेगळंच वाटतंय. काय करू?

लोकमान्यनगरची_सून

नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. आम्ही इंदूरचेच, सासऱ्यांची थोडी जमीन आहे देपालपूरच्या पुढे, गहू सोयाबीन आणि थोडा लसूण, बटाईने म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेली. बटाईदाराचं कुटुंब तिथेच विहिरीजवळ आमच्या दोन खोल्यांत राहतं. नवरा, बायको, सासू, दोन पोरं. बायको असेल अठ्ठावीस-तीसची, नाव लिहीत नाही, गाव लहान आहे.

वर्षभरापासून ती आजारी आहे. आधी नुसतं डोकं दुखायचं, मग हातापायाला मुंग्या, छातीत धडधड, आणि आता ‘दौरे’ येतात. दातखिळी बसते, डोळे मिटून पडते, अर्धा अर्धा तास. सासू म्हणते बाहेरची हवा लागली, दर अमावस्येला पडियाराकडे, म्हणजे अंगात येणाऱ्या भगताकडे नेतात, लिंबू नारळ मोरपीस सगळं झालं. मधे आमच्या ह्यांनी इंदूरला आणून सीटी स्कॅन नि ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करवला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, कमजोरी म्हणाले, पाच मिनिटांत बाहेर. सासू तिथे खुर्चीतच बसलेली होती, सगळी उत्तरं तीच देत होती.

मागच्या रविवारी मी लसूण आणायला गेले होते. ती अंगणात गड्डे निवडत होती, एका हातात भरगच्च बांगड्या नि दुसरा हात मोकळा, मनगटावर पिवळा-हिरवा डाग. मी विचारलं तर म्हणाली, “कईं नी भाभीजी, पड़ी गी थी.” तेवढ्यात लांबून फटफटीचा आवाज आला. तिने हातातला चहा तसाच खाली ठेवला, पदर पुढे ओढला, आणि धाकटं पोरगं, चार वर्षांचं, खेळत होतं ते उठून गपचूप खाटेखाली जाऊन बसलं. कुणी त्याला जा म्हटलं नाही. मला तेव्हापासून झोप नाही.

निघताना ती हसत हसत म्हणाली की कधी कधी वाटतं पोरं झोपली की निघून जावं, परत यायचंच नाही. हसून म्हणाली हो.

आमचे हे म्हणतात तू पडू नको ह्यात, पेरणी तोंडावर आलीये, तो निघून गेला तर माणूस कुठून आणायचा. माझा प्रश्न एवढाच की मारहाणीने असे दौरे येऊ शकतात का, आणि मी बाहेरची बाई, काय करू शकते?

निवृत्त_मास्तर

मी ग्वाल्हेरचा, खेड्यात शिक्षकी केली. वाईट वाटून घेऊ नका ताई पण नवरा-बायकोत तिसऱ्याने पडलं की शेवटी दोघं एक होतात नि तिसरा वाईट ठरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चारशे अठ्ठ्याण्णव, ते बायकोच्या छळाचं कलम, लावून घरं मोडलेली पण पाहिली आहेत. पंधरा दिवस माहेरी पाठवा, आराम पडेल. आणि गावाकडच्या बायकांना असे दौरे पूर्वीपासून येतात, त्यात एवढं काही नाही.

ड्युटीवरची_ताई

मास्तर, तुमचं वय मोठं आहे म्हणून आदराने सांगते, पूर्वीपासून येतात हे खरंय, का येतात ते कुणी विचारलं नाही एवढंच. मी सरकारी दवाखान्यात मनोरुग्ण विभागात नर्स आहे, आधी देवासला, आता इंदूरला. अशी बाई आमच्याकडे दर आठवड्याला येते.

सूनबाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाव, येऊ शकतात. ती नाटक करते हे आधी डोक्यातून काढा, घरच्यांच्याही काढा. जे तोंडाने बोलता येत नाही ते अंग बोलतं, इतकं साधं आहे. रोज भीतीत राहिलं की शरीर सतत तयारीत असतं, ते फटफटीचं लिहिलंत ना तेच, मग धडधड, मुंग्या, डोकं, पोट, पाळी बिघडणं, नि एका टोकाला शुद्धच हरपल्यासारखं होणं. मात्र ही खरी मिरगी नाही हे फोनवर किंवा इथे बसून कुणी ठरवू नये, ईईजी नॉर्मल असूनही मिरगी असू शकते. जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का, झोपेत येतो का, हे लक्षात ठेवा आणि मनोविकार डॉक्टरला सांगा. जमलं तर मोबाईलवर दौऱ्याचा व्हिडिओ काढा, पण तिला विचारून, आणि बघायला फक्त डॉक्टरला.

झोपेच्या गोळीचं पण सांगते. अशा बायकांना पटकन ती लिहून देतात आणि त्या घेत नाहीत, मग घरचे म्हणतात औषधच घेत नाही. अहो, जिला रात्री पावलं ऐकून नवरा कोणत्या मूडमध्ये आलाय ते ओळखायचं असतं तिला गाढ झोप परवडेल कशी? हे मला एका पेशंटनेच शिकवलं, पुस्तकात नव्हतं.

आता महत्त्वाचं. ते हसून बोललेलं हलकं घेऊ नका. एकटीला गाठा, सासू नको, मोठं पोरगंही नको, आणि सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात घुसतं हा समज चुकीचा आहे, उलट मोकळं वाटतं. घरात गव्हात ठेवायच्या विषारी गोळ्या नि फवारणीचं औषध असतंच आपल्याकडे, ते आजच तिथून हलवा, जमीन तुमची आहे, गोदामात कुलपात ठेवतो म्हणा, कारण द्यायची गरज नाही. टेलिमानस म्हणजे सरकारची मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, २०२२ पासून सुरू आहे, हिंदीत बोलतात, तुम्ही स्वतः पण लावून विचारू शकता.

आणि मास्तर, माहेरी पंधरा दिवस पाठवून दौरे थांबतात हे खरंय, आम्ही पण बघतो. परत आली की तिसऱ्या दिवशी सुरू. मग सांगा हवा नक्की कुठल्या घरात आहे?

सराफ्यातली_वकील

मी जरा कोरडं लिहिते, कोर्टात सवय झालीये. ‘बाहेरची बाई काय करणार’ ह्याचं उत्तर कायद्यातच आहे. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, त्याच्या कलम ४ मध्ये म्हटलंय की कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो आणि चांगल्या हेतूने दिली तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. शेजारी, मालकीण, अंगणवाडीवाली, कुणीही. संरक्षण अधिकारी महिला-बाल विकास खात्यात असतो.

लोक चारशे अठ्ठ्याण्णवला घाबरतात (ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून), पण हा कायदा वेगळा आहे, ह्यात नवऱ्याला आधी तुरुंगात टाकत नाहीत. मॅजिस्ट्रेट आदेश देतो की मारायचं नाही, हाकलायचं नाही, खर्च द्यायचा. आदेश मोडला तर मग एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवीगाळ, टोमणे, पैसे अडवणं हेही ह्यात हिंसाच धरलंय, नुसता मार नाही. कागदावर पहिली तारीख तीन दिवसांत नि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका, माझे केस त्यातच पांढरे झालेत. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण १५१००, बाईला उत्पन्नाची अट नाही.

पण तिच्या मनाविरुद्ध तक्रार टाकू नका. तक्रारीनंतरची रात्र तिला त्याच खोलीत काढायची असते. आणि खोल्या तुमच्या आहेत ना? मग नवऱ्याला सांगा ‘घरचा मामला’ आहे तर घर कुणाचं ते पण बघा.

निवृत्त_मास्तर

बरोबर आहे तुमचं, पण सगळ्याच घरांत असं असतं असं नाही.

ड्युटीवरची_ताई

सगळ्या नाही मास्तर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांत नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसलेल्या २९.३ टक्के निघाल्या, शहरात २४.२ आणि खेड्यात ३१.६. म्हणजे शहरवाल्यांनी पण फार मिशा पिळू नयेत. आणि ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यातल्या ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. तुमच्या शाळेतली पोरं आठवून बघा, डबा न आणणारी, आवाज चढला की दचकणारी.

धार_रोडवरची

मी सहसा लिहित नाही इथे. मला नऊ वर्षं ॲसिडिटी होती, म्हणजे तसं सगळे म्हणायचे, छातीत जळजळ, घास उतरायचा नाही, दोनदा तर दुर्बीण घालून बघितलं, काही निघालं नाही. मी दुसऱ्या गावात दिलेली होते, आजूबाजूला मराठी कुणीच नाही, आईशी फोनवर बोलायचे तर सासू समोर, म्हणून आम्ही मराठीत बोलायचो तरी मी काही सांगायचे नाही कारण रडू आलं तर कळेलच ना. मला विचारलं ते अंगणवाडीतल्या बाईने. ती माझ्याबद्दल विचारतच नव्हती, मुलीचं वजन दोन महिने सरकलं नव्हतं म्हणून विचारत होती की घरी हिला जेवताना कुणी रागावतं का. मी म्हटलं हिला नाही. एवढंच म्हटलं. तिने वजनकाटा बाजूला ठेवला आणि दार लोटलं.

तर सूनबाई, तुला मारतो का असं नका विचारू, माझं तर नाहीच आलं असतं तोंडून. पोराबद्दल विचारा. तो खाटेखाली जातो तो का जातो ते विचारा.

आणि हे पण सांगते, नवरा वारून चार वर्षं झाली, तरी बुलेट गेली रस्त्यावरून की अजून पोटात गोळा येतो. गोळ्या चालू आहेत, बऱ्या आहेत. ॲसिडिटी मात्र गेली.

लोकमान्यनगरची_सून

दहा दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं वाचलं, धार रोडवरच्या ताई तुमचं तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन गव्हाच्या गोळ्यांचा डबा नि फवारणीच्या बाटल्या उचलून आणल्या, गोदामात उंदीर झालेत म्हणून.

मी धाकट्याच्या लसीच्या निमित्ताने तिला एकटीला बाहेर काढलं. लस मोठ्याची होती की धाकट्याची ते सासूला माहीत नसतं, देवाची कृपा. बस स्टँडवर उसाचा रस घेतला आणि पोराचं विचारलं. ती बराच वेळ ग्लासच पुसत राहिली. मग बोलली, तासभर. सगळं इथे लिहिणार नाही. मरायचं विचारलं तेव्हा म्हणाली, विचार येतो, पण पोरांकडे बघून थांबते. रात्री १४४१६ लावून विचारून घेतलं, ते म्हणाले एकटी ठेवू नका नि लवकर डॉक्टरला दाखवा. आता मी रोज दूध आणायच्या बहाण्याने जाते.

तक्रार नको म्हणते, सध्या तरी. दौऱ्याचा इलाज करू म्हटलं तर तयार झाली. फोनमध्ये नंबर ठेवता येत नाही, तो तपासतो, म्हणून पोलिसांच्या मदतीचा ११२ पाठ करवला. ती पुटपुटत होती तर धाकटं पोरगं पण सुरू झालं, एक एक दो, एक एक दो, शाळेतल्या पीटीसारखं. आधी घाबरली, मग दोघीही हसलो. कुणाला काय कळणार, पीटीच वाटेल.

मंगळवारी ओपीडीला आणतेय. सासू पण येणार म्हणून अडून बसलीये. ड्युटीवरच्या ताई, तिला कुठे बसवून ठेवू ते सांगा.

ड्युटीवरची_ताई

बीपी नि शुगरच्या रांगेत उभी करा. म्हणावं तुमची पण फुकटात तपासणी होतेय. ती रांग दीड तास हलत नाही.