गणपतीआधी पिनबॉल: जुना बोर्ड दुरुस्त करावा की काढून टाकावा?

पडवीतला मिस्त्री
वेंगुर्ल्याच्या घरी पडवीत दोन धुडं आहेत. एक बॅली या अमेरिकन कंपनीचं १९७८ च्या सुमाराचं पिनबॉल, दुसरं व्हिडिओ गेमचं उभं कपाट. काकांनी मुंबईतलं पार्लर बंद केलं तेव्हा टेम्पोत घालून आणलेली. समुद्र हाकेच्या अंतरावर. जिथे पंख्याचे स्क्रू दोन पावसाळे टिकत नाहीत, तिथे ही इतकी वर्षं तगली हेच नवल.

मे महिन्यात पोरांनी पिनबॉल बडवून बडवून खेळलं. आता चालू केलं की दिवे लागतात, पण खेळ सुरू होत नाही. फ्लिपर (गोळा परत उडवणारे दोन दांडे) मेलेले. मुख्य बोर्डावरचा एलईडी सहा वेळा मिचकतो आणि थांबतो. बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बॅटरीभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी आलंय.

दादा (चुलत भाऊ, पुण्याला असतो) म्हणतो, बोर्ड गेला, नवा तयार बोर्ड मागव. आणि कपाटातली पिक्चर ट्यूब काढून एलसीडी लाव, आत छोटा कॉम्प्युटर टाक, हजार गेम येतील. माझं मत: ज्याला दुरुस्ती म्हणतात ती आधी करून बघावी. चाकरमानी यायच्या आत निकाल हवाय. बोला.

चाकरमानी_गोरेगाव
दादाशी सहमत. गणपतीला पोरं येतात पाच दिवस, त्यांना खेळायचं असतं, तुझं म्युझियम बघायचं नसतं. मेम हे सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे, जुने व्हिडिओ गेम कॉम्प्युटरवर त्यात जसेच्या तसे चालतात. कशाला डोकेफोड?

खारा वारा
थांबा जरा. पिनबॉल आणि व्हिडिओ गेम एकाच पोत्यात भरू नका. व्हिडिओ गेम म्हणजे शेवटी पडद्यावरचं चित्र, ते दुसरीकडे हलवता येतं. पिनबॉलमध्ये खरा पोलादी गोळा खऱ्या रबरावर आपटतो. त्याला मेम नाही.

आता मिचकण्याबद्दल. बॅलीचा हा बोर्ड चालू होताना स्वतःची तपासणी करतो, आणि एकेक टप्पा पास झाला की एकदा मिचकतो. पूर्ण निरोगी बोर्ड सात वेळा मिचकतो. सातवा टप्पा सोलेनॉइडच्या (दांडे ओढणाऱ्या विद्युतचुंबकी कॉइलच्या) ४३ व्होल्टच्या लाइनवर अवलंबून असतो. सहा झाले म्हणजे मेमरी आणि बाकीच्या चिपा पास झाल्या. बोर्ड मेला असता तर सुरुवातीलाच अडकला असता. तुझे फ्लिपरही त्याच ४३ व्होल्टवर चालतात, आणि तेही मेलेत. दोन लक्षणं, रोग एक. रेक्टिफायर बोर्डावरचा (एसीची डीसी करणाऱ्या बोर्डावरचा) फ्यूज बघ, आणि नुसता फ्यूज नाही, तो ज्या पकडीत बसतो ती पकड बघ.

सर्किटपुरुष
खारा वारा यांचं निदान मान्य, पण निष्कर्ष अमान्य. बॅटरीचा कोपरा विसरलात. ती निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची, आणि फुटली की तिचा अल्कली तांब्याच्या रेघा खात जातो. शेजारीच रिसेटचं सर्किट असतं. आज सहा मिचकतोय, पुढच्या जूनमध्ये एकदाही मिचकणार नाही. किनाऱ्यावर दमटपणा त्या विषाला पसरायला मदतच करतो. मी स्वतः अशा दोन बोर्डांवर महिने घालवले आणि शेवटी नवेच घेतले. भावना वेगळी, हिशेब वेगळा.

खारा वारा
महिने घालवलेत कारण उशिरा बघितलंत! बॅटरी आजच कापून टाक. पातळ व्हिनेगर ब्रशने लावून अल्कली मारायचा, साध्या पाण्याने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग उन्हात. (श्रावणात ऊन कुठून आणणार, तर पंख्याखाली दोन दिवस.) बॅटरीशिवायही खेळ चालतो, फक्त हाय स्कोअरसारख्या नोंदी विसरतो. किती बॉल वगैरे सेटिंग बोर्डावरच्या छोट्या स्विचवर असतात, ती जात नाहीत.

देवगडी
मधे बोलतो. आमच्याकडे रेडिओच्या कपाटात चाळीसचा बल्ब कायम जळत ठेवायचे, ओल धरू नये म्हणून. पिनबॉलला पावसाळाभर तसंच करा की. आजी म्हणायची, "मेल्या, त्या कपाटाक थंडी वाजता काय?" पण रेडिओ चालला.

चाकरमानी_गोरेगाव
ठीक आहे, पिनबॉल सोडून देतो. पण पिक्चर ट्यूब? तिच्यात वीसेक हजार व्होल्ट असतात म्हणे. पोरांच्या घरात हे कशाला?

सर्किटपुरुष
इथे मात्र मी उलट बाजूला. कपाट बंद असताना पोरांना धोका नाही, धोका मागचं दार उघडणाऱ्याला. बंद केल्यावरही ट्यूब भार धरून ठेवते, तो नीट उतरवता येत नसेल तर हात लावू नये, जुना टीव्हीवाला बोलवावा. अजून एक: ही कपाटं साधारण १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतात. बाजारातला एलसीडी मॉनिटर तो सहसा घेतच नाही, मधे कन्व्हर्टर लागतो, आणि चित्र साबणाने धुतल्यासारखं दिसतं. चित्र आखडलंय किंवा हलतंय तर आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. पिक्चर ट्यूब नवी मिळत नाही, काढलीत की संपलं.

चाकरमानी_गोरेगाव
म्हणजे बोर्ड नवा घ्या म्हणणारे तुम्हीच, आणि ट्यूब जुनी ठेवा म्हणणारेही तुम्हीच?

सर्किटपुरुष
हो. बोर्ड नवा मिळतो, ट्यूब मिळत नाही. एवढंच तत्त्वज्ञान आहे.

पडवीतला मिस्त्री
अपडेट. फ्यूज मीटरवर धड निघाला, पण पकडीत बसवला की पलीकडे शून्य. पकडीची पितळ काळीठिक्कर, बोटाने दाबली तर तुटली. नवी पकड डाग देऊन बसवली. चालू केलं, सहा मिचकले, मी श्वास धरून उभा, आणि सातवा! दादाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर: "बॅटरी काढलीस का?" काढली, बाबा. कोपरा धुऊन सुकत घातलाय, दोन रेघा खाल्लेल्या दिसतात, त्यांना तार जोडणार. ट्यूबला हात लावलेला नाही.

आता डावा फ्लिपर मात्र चिमणीने ढकलल्यासारखा उठतो. उजवा ठणठणीत.

खारा वारा
फ्लिपरच्या शेवटी जो स्विच असतो तो बघ. फ्लिपर खाली असताना त्याची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, तरच कॉइलचा जोरदार वळसा पूर्ण ताकदीने ओढतो. वर गेला की ती उघडायला हवीत. ती टोकं जळली असतील. टंगस्टनची आहेत, बारीक कानशीने घास. पण मैदानावरच्या सोनेरी स्विचांना कानस लावलीस तर माझ्याशी गाठ आहे, तिथे कोरं व्हिजिटिंग कार्ड फिरव. आणि वर गेल्यावर तो उघडतोय ना ते नक्की बघ, नाहीतर चतुर्थीच्या दिवशी कॉइलचा धूर निघेल.