गोठवलेल्या तीन भ्रूणांचे मी काय करावे?

सावली (ठाणे पश्चिम): माझा सहा वर्षांचा मुलगा आयव्हीएफमुळे, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत बीजफलन करून झाला. दर जूनमध्ये आमच्याकडे दोन पावत्या येतात, एक त्याच्या शाळेच्या फीची आणि दुसरी त्या वेळी उरलेले भ्रूण गोठवून ठेवणाऱ्या उपचारकेंद्राची, जिच्यावर आम्हां नवराबायकोच्या नावांखाली ‘भ्रूण ३, नूतनीकरण १ वर्ष’ एवढेच छापलेले असते. दोन्ही मी एकाच फाइलीत लावते. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी फादरांनी एकही वाकडा प्रश्न विचारला नाही, कारण असे मूलही देवाचे दान मानून प्रेमाने स्वीकारावे, असे व्हॅटिकनच्या १९८७ च्या ‘डोनुम व्हिते’ या सूचनापत्रातच म्हटले आहे. त्याच पत्रात या उपचाराला मात्र नकार आहे आणि व्हॅटिकनच्याच २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या सूचनापत्राने तर भ्रूण गोठवणे हे त्यांना द्यायच्या आदराशी विसंगत ठरवले. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांहून अधिक ठेवता येत नाहीत. मग ते नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. ख्रिस्तसभेचे, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चचे म्हणणे मला आज पटते, पण ते लग्नाआधीच्या शिबिरात कोणी इतक्या स्पष्टपणे का सांगितले नाही?

प्रयोगशाळेतला (वाशी): ताई, मी रोज भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, म्हणून विरोध नोंदवतो. पाचव्या दिवशीचा भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा गोळा असतो आणि निसर्गातही असे कितीतरी भ्रूण गर्भाशयात रुजतच नाहीत. साधारण चौदाव्या दिवसापर्यंत एकाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात. मग त्याआधी ‘ही एक व्यक्ती’ असे कसे म्हणायचे? १९८४ मध्ये ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने संशोधनासाठी चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, तिच्यामागेही हा विचार होता. त्या भ्रूणांना मी आदराने हाताळतो, पण त्यांच्यासाठी तुम्ही स्वतःला अपराधी मानावे, हे मला मान्य नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आयव्हीएफचे बाळ हर्षा जन्मली, तेव्हापासून किती बायकांच्या कपाळीचा ‘वांझ’ हा शब्द पुसला गेला, तेही मोजा.

नेरुळकर: पूर्वी बालमृत्यू खूप होत, म्हणून बाळाच्या जिवाचे मोल कोणी कमी धरले नाही. आपोआप होणारा मृत्यू आणि आपण ठरवून होऊ दिलेला मृत्यू यांत फरक आहे. भ्रूणात आत्मा केव्हा येतो, या तत्त्वज्ञानाच्या वादाचा निकाल ‘डोनुम व्हिते’ने दिलेला नाही, गर्भधारणेच्या क्षणापासून त्याला व्यक्तीप्रमाणे वागवा, एवढेच ते सांगते, आणि जिथे शंका आहे तिथे जपून पाऊल टाकणेच मला योग्य वाटते. पण सावली, तुमच्या लिखाणातही एक गोष्ट निसटली आहे. एकही भ्रूण न गोठवता केलेले आयव्हीएफसुद्धा ख्रिस्तसभेला मान्य नाही, कारण तिच्या दृष्टीने मूल पतिपत्नीच्या शरीरसंबंधातून यावे, तंत्रज्ञाच्या हातून घडू नये. बंद बीजवाहिन्या उघडणे, एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजाराची) शस्त्रक्रिया, हार्मोनचे उपचार, हे सारे तिला चालते.

फिलोमिना (ठाणे पूर्व): दादा, यादीतले सगळे उपचार मी केले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पाळणा हलला नाही. नवऱ्याचेच बीज, माझेच बीज आणि आमचाच संसार असताना काचेची बशी मध्ये आली म्हणून आमचे प्रेम कमी पवित्र कसे होते, याचे मला पटेल असे उत्तर कोणी दिलेले नाही. ज्या घरात दर महिन्याला आशा मरते, तिथे हा नियम वाचून दाखवणाऱ्याने आधी थोडा वेळ बसावे.

सावली: फिलोमिनाताई, तुमचे दुःख मी भोगले आहे, म्हणून तुम्हाला दोष देणार नाही. वाशीच्या दादांना एवढेच सांगते की त्या गोळ्यांपैकीच एक आज माझ्याकडे डबा मागतो, त्यामुळे उरलेल्या तिघांना पेशी म्हणणे मला जमत नाही. तिघांनाही एकेक करून पोटात घ्यावे असे मनात येते, परंतु पहिल्या बाळंतपणात रक्तदाब इतका वाढला होता की दुसऱ्याचा विचार करू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मुदतीला तीन वर्षे उरली आहेत. यंदाचे पैसे मी काल भरले.