विद्यापीठातल्या विभागाच्या अहवालात 'विद्यार्थ्यांचं यश' म्हणून काय मोजायचं? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

गोदाकाठ
पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या यशाचा तक्ता विभागांतून वर्षाकाठी निघतो: नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांत किती, 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची बक्षिसं किती, शोधनिबंध किती. यातला तिसरा आकडा काढून टाकावा आणि त्याजागी विद्यार्थ्याने विभागात जमा केलेली मूळ सामग्री मोजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे मोजमापांच्या वह्या, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, लिप्यंतरं, प्रोग्रामचा कोड.

पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढली. मान्य नियतकालिकांची त्यांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तरी संख्येचा सोस सुटत नाही, आणि त्या सोसावर पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं जगतात. आयएसएसएन असला की दर्जा आला, हा समज तर फारच घट्ट बसलाय. तो नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक आहे, निबंधाला मिळणाऱ्या डीओआयचंही तेच. पारख करायची तर निबंधाच्या पहिल्या पानावरच्या दोन तारखा बघा, कधी मिळाला आणि कधी स्वीकारला. मध्ये आठवडाही गेला नसेल तर तज्ज्ञाने तो नीट वाचला असण्याची शक्यता फार थोडी. 'स्कोपसमध्ये (निवडक नियतकालिकांच्या सूचीत) आहे' असं कोणी म्हटलं तर स्कोपसच्याच यादीत आयएसएसएन टाकून पाहा, कारण नामांकित नियतकालिकांच्या हुबेहूब नकला करणारी संकेतस्थळं आहेत.

पेपर एक
सर, शोधनिबंधांचं पटलं. पण मूळ सामग्री तपासणार कोण? तोच मार्गदर्शक, तोच विभाग. मराठवाड्यातल्या विभागांसाठी जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, हाच खरा आकडा, कारण तो बाहेरची परीक्षा देऊन मिळतो. शिवाय दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. कोरडवाहू शेतीवर शिकणारं लेकरू त्यामुळेच संशोधनात टिकतं.

मात्र तो आकडा सध्या चुकीचा लावतात. 'नेट-सेट' हा एकच रकाना नको. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती प्राध्यापकपदाची पात्रता देते, फेलोशिप देत नाही. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत: जेआरएफ, सहायक प्राध्यापक, आणि फक्त पीएचडी प्रवेश. तिसऱ्या गटातल्याला प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही आणि त्याचे गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात. त्यालाही 'नेट उत्तीर्ण' म्हणून फलकावर चढवणं चूक आहे.

विभागाला खरंच आकडा वाढवायचा असेल तर दोन ठिकाणी गळती थांबवा. एक, पहिला पेपर. त्यात ५० प्रश्न, १०० गुण. मुलं विषयाच्या २०० गुणांमागे लागतात आणि तक्त्यांवरची आकडेमोड, तर्क, उताऱ्यावरचे प्रश्न इथे गुण घालवतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तरी प्रश्न कोरे सोडणारे आहेतच. दोन, प्रमाणपत्र. राज्याच्या नमुन्यातलं व्हीजे-एनटीचं प्रमाणपत्र सेटला चालतं. नेटला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसीचं लागतं, तेही चालू नॉन-क्रिमीलेअरसह. हे अर्ज भरायच्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

शिवारमोजणी
दोघांशीही असहमत. गोदाकाठ, तुमचा निकष रानात कसा चालतो ते बघा. एमएस्सी कृषीच्या प्रबंधाला बहुतेकदा एकच खरीप हाती लागतो. समजा सोयाबीन, ४५ बाय ५ सेंटिमीटर अंतर, आरबीडी आखणी (रानाचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट), तीन रेप्लिकेशन म्हणजे तीन ब्लॉक. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली की हलक्या जमिनीतले वाफे आधी सुकतात, एकाच ब्लॉकमधल्या वाफ्यांत फरक पडतो, एरर वाढते, सीडी (फरक खरा धरायला लागणारं किमान अंतर) फुगते आणि ट्रीटमेंटमधला फरक 'एनएस', म्हणजे लक्षणीय नाही, असा येतो. हा प्रामाणिक निकाल आहे. पण यशाच्या तक्त्यात 'एनएस'ला जागा नसते, म्हणून तिसऱ्या रेप्लिकेशनचे आकडे घरी बसून दुरुस्त होतात. कोरडवाहू पिकात सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांतला चढउतार) दहा-पंधरा टक्के येणं स्वाभाविक आहे. दोन-तीन टक्के दिसला तर मूळ वही मागवा. दुसरी चूक कडेच्या ओळींची. त्यांना ऊन आणि जागा जास्त मिळते. त्या न सोडता सगळा वाफा तोलला की हेक्टरी उत्पादन वाढून दिसतं.

वह्या मोजायला लागलात तर वह्याही फुगतील. 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी २०१८ मध्ये आली. असं वाण अनेक हंगामांच्या, अनेक ठिकाणच्या चाचण्यांतून ठरतं. एका विद्यार्थ्याचा एक हंगाम त्यात एका विटेएवढा. त्याचं यश त्याच वर्षी मोजूच नये, असं माझं म्हणणं आहे.

पोथीवाचक
शिवारमोजणी, शेतीपुरतं ठीक. मराठी आणि इतिहास विभागांचं काय? बऱ्याच महानुभाव पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत आहेत, निजामकाळातलं महसुली दप्तर आधी फारसीत, नंतर उर्दूत. लिपी शिकून पन्नास पानांचं नीट लिप्यंतर करणाऱ्या विद्यार्थ्याचं काम आजच्या तक्त्यात शून्य धरलं जातं. मला हे सहन होत नाही. ते काम तपासताही येतं: पोथीचा क्रमांक, पान, पानाची पुढची-मागची बाजू लिहिलेली हवी, फाटलेल्या किंवा पुसलेल्या जागी अक्षरं अंदाजाने भरलेली असतील तर ती चौकटी कंसात हवीत. कंस एकही नसेल तर अंदाज मूळ पाठात मिसळलाय असा संशय घ्यावा.

आणि एक. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रबंधाचं इतर लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. पण मराठी प्रबंध कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात आणि साम्य शून्याजवळ येतं. ते शून्य यश म्हणून मिरवू नका. आधी युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, ती हाताने सुधारा, मग तपासा.

पेपर एक
ताई, कंसाचं पटलं. पण सकळ लिपी वाचू शकणारा दुसरा माणूस विभागात नसेल तर तपासणार कोण, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

दालनक्रमांक
'आविष्कार'वर कोणीच बोलत नाही. २००६ पासूनच्या या स्पर्धेत सहा विषयगट आहेत; पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडीची मुलं वेगळी धरतात. पोस्टरपाशी परीक्षक थेट विद्यार्थ्याला विचारतो, उत्तर त्यालाच द्यावं लागतं. बाहेरची तपासणी हवी असेल तर ही आहेच. फक्त बक्षिसं न मोजता विभागातून किती जण उतरले तेही लिहा.

गोदाकाठ
वह्यांची संख्या मोजू नये, हे शिवारमोजणींचं मान्य. मग असं करा: शेजारच्या विद्यापीठातला एक प्राध्यापक प्रत्येक प्रबंधातली कोणतीही पाच पानं निवडेल आणि मूळ वहीशी, पोथीशी किंवा ध्वनिमुद्रणाशी ताडून बघेल. जुळली तर तक्त्यात नोंद. 'एनएस' निकालालाही तीच नोंद. परभणीची वही नांदेडला, नांदेडची संभाजीनगरला.

शिवारमोजणी
याला माझी ना नाही, एका अटीवर. वही पेनाने लिहिलेली, पानांना क्रमांक घातलेले, आणि प्रत्येक निरीक्षणाला त्याच दिवसाची तारीख हवी. कापणीनंतर एका बैठकीत उतरवून काढलेली वही हजार जणांनी ताडली तरी जुळणारच.